‘ठासून सांगणे’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मजकूर तपासण्याचं काम करताना काही शंका वर्षभर येत राहतात. त्यातला एक गट इथे एकत्र केला आहे: एखादी गोष्ट कोणी खात्रीनं, जोर देऊन सांगितली, तर ते मराठीत लिहायचं कसं? विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत, तालुक्याहून बातम्या पाठवणारे वार्ताहर आहेत, सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, नव्यानं वकिली सुरू केलेल्या एक ताईही आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. बातमीवाल्यांना घाई असेल तर त्यांनी थेट प्रश्न ६ वर जावं.

१. ‘ठासून सांगणे’ म्हणजे नक्की काय? नुसतं ‘सांगणे’ पुरत नाही का?

बहुतेक वेळा पुरतं, आणि पुरत असेल तिथे तेच वापरावं. ‘ठासून’ लावलं की दोन गोष्टी वाढतात. बोलणाऱ्याला स्वतःच्या म्हणण्याबद्दल शंका उरलेली नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात असेल तर ती काढून टाकायचा त्याचा इरादा आहे. म्हणजे आसपास कुठेतरी वाद, शंका किंवा निदान नाराजी हवी. ‘आज सोमवार आहे, असं त्यानं ठासून सांगितलं’ हे वाचल्यावर वाचक विचारणारच, की मंगळवार कोण म्हणत होतं?

खरेपणा मात्र ‘ठासून’नं तसूभरही वाढत नाही. नाशिकमध्ये कुसुमाग्रजांचा जन्म इथलाच असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांचं आयुष्य नाशिकशी इतकं बांधलेलं आहे, की तसं वाटणं साहजिक आहे. पण २७ फेब्रुवारी १९१२ला ते जन्मले पुण्यात. सांगणारा ठासून सांगतो ही गोष्ट खरी, आणि सांगितलेली गोष्ट चूक. ‘ठासून’ हा शब्द कसं सांगितलं तेवढंच दाखवतो. या पानावरच्या निम्म्या उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. ‘ठासणे’ हा मुळात बोलण्याचा शब्द आहे का?

नाही, तो हाताच्या कामाचा शब्द आहे. ‘ठासणीची बंदूक’ आठवा. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, आणि लांब गजानं ते सगळं खालपर्यंत दाबत न्यायचं. त्या दाबण्याला ठासणं म्हणतात. नीट ठासलं नाही तर बार फुसका जातो. ‘पोतं ठासून भरलं’, ‘डबा माणसांनी ठासून भरला होता’ ही वाक्यं त्याच घरातली.

व्याकरणाच्या भाषेत ‘ठासून’ हे ‘ऊन’ लागलेलं धातुसाधित अव्यय आहे, म्हणून ते कर्त्याप्रमाणे बदलत नाही. तो ठासून सांगतो, ती ठासून सांगते, ते ठासून सांगतात. ‘ठासणे’ एकट्यानं मात्र बोलण्यासाठी वापरत नाहीत. ‘त्यानं आपलं मत ठासलं’ असं हल्ली क्वचित छापून येतं. कानाला ते अर्धवट लागतं. ‘ठासून मांडलं’ करा.

३. ‘ठासून’ आणि ‘ठामपणे’ एकमेकांच्या जागी चालतात ना?

‘सांगणे’च्या आधी बरेचदा चालतात. फरक इतर क्रियापदांबरोबर कळतो. ‘ठाम’ हे मनाचं आणि भूमिकेचं विशेषण आहे, त्यामुळे तोंडातून शब्द न काढताही माणूस ठाम असू शकतो. काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. सत्याग्रही ‘ठाम राहिले’ असंच त्याबद्दल लिहायला हवं. ‘ठासून राहिले’ हे मराठीच नाही.

नकारालाही ‘ठाम’च लागतो: ठाम नकार, ठामपणे नाकारणे. ‘ठासून नाकारलं’ मी खोडते आणि ‘साफ नाकारलं’ किंवा ‘ठामपणे नाकारलं’ करते. उलट ‘पोतं ठामपणे भरलं’ म्हणता येणार नाही.

४. निक्षून, बजावून, ठणकावून, खडसावून… हे सगळे एकच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पर्यायी शब्दांच्या याद्यांनी यांना एका ओळीत बसवून बरंच नुकसान केलं आहे.

एक साधी कसोटी बघा. सांगितलेल्या मजकुराला ‘हे खरं का?’ असं विचारता येत असेल तर ‘ठासून’. ‘ऐकणार की नाही?’ असं विचारावंसं वाटत असेल तर ‘निक्षून’ किंवा ‘बजावून’. ‘यंदा पाऊस लवकर आला, असं आजोबा ठासून सांगतात’ यावर खरं-खोटं करता येतं. ‘रामकुंडावर गर्दी असेल, मुलांचा हात सोडू नका, असं आजींनी निक्षून सांगितलं’ यात खरं-खोटं करण्यासारखं काही नाही, तो हुकूम आहे. ‘ठासून’ला विधान लागतं, ‘निक्षून’ला बहुतेकदा आज्ञा किंवा मनाई.

‘बजावून’मध्ये याखेरीज आगाऊपणा आहे, म्हणजे आधीच सांगून ठेवणं. नंतर काही बिघडलं तर ‘मी बजावलं होतं’ म्हणायची सोय त्यात असते. म्हणून सरकारी कागदांना हे क्रियापद फार आवडतं. नोटीस बजावतात, समन्स बजावतात. तिथे कोणी जोरात बोलत नाही, कागद रीतसर हातात पोचतो एवढंच. ‘मतदानाचा हक्क बजावला’मधला ‘बजावणे’ आणखी वेगळा, पार पाडण्याच्या अर्थाचा. या तिन्हींची सरमिसळ करू नका.

‘ठणकावून’ला समोर प्रतिपक्ष हवा. धाकटा थोरल्याला, कामगार मालकाला, शेतकरी आडत्याला ठणकावतो, कारण त्यात भीड सोडल्याचा भाव आहे. साहेबांनी शिपायाला ठणकावलं यात कसली आली भीड? ते ‘दरडावलं’. मथळ्यांना या शब्दाची चटक लागली आहे आणि रोज कोणी ना कोणी कोणाला ठणकावत असतं. बातमी वाचावी तर माणूस चहा पिता पिता दोन वाक्यं बोललेला असतो.

‘खडसावून’मध्ये सांगण्यापेक्षा रागावणं जास्त आहे. चूक करणारा समोर उभा असावा लागतो.

‘आवर्जून’ही याच यादीत सापडतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही. आवर्जून सांगणं म्हणजे आठवणीनं, अगत्यानं सांगणं.

५. ‘छातीठोकपणे’ कधी वापरावं?

बोलणारा स्वतःला पणाला लावतो तेव्हा. ‘आमच्या बागेतला माल निर्यातीत नापास होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो’ यात मालाबरोबर सांगणाऱ्याची अब्रूही आहे. ज्याचा त्या गोष्टीशी संबंध नाही त्याच्या तोंडी हा शब्द पोकळ वाटतो. आणि तो बोलीत खुलतो. अहवालात किंवा इतिवृत्तात ‘छातीठोकपणे’ लिहू नका, तिथे ‘खात्रीपूर्वक’ आहे.

६. बातमीत कोणतं क्रियापद टाकू? दर वेळी ‘सांगितले’ लिहून कंटाळा येतो.

कंटाळा लिहिणाऱ्याला येतो, वाचणाऱ्याला नाही. वाचकाची नजर ‘सांगितले’वरून घसरून पुढे जाते, आणि तेच बरं असतं. वैविध्य म्हणून जे शब्द आपण टाकतो, ते नकळत निकाल देऊन बसतात.

समजा एक अधिकारी म्हणाले, ‘नदीत सांडपाणी मिसळत नाही.’ तुम्ही लिहिलंत:

‘…असे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले.’ आता तुम्हीही म्हणताय की सांडपाणी मिसळत नाही. ‘स्पष्ट’ तीच गोष्ट होते जी आधीपासून खरी असते आणि फक्त धूसर असते. काठावर उभं राहिलं की पानवेली दिसतात, वासही येतो, आणि बातमी मात्र साहेबांच्या बाजूनं लागते. मराठी पत्रकारितेत सगळ्यात बेफिकीरपणे वापरलं जाणारं क्रियापद मी याला म्हणेन.

‘…असा दावा अधिकाऱ्यांनी केला.’ इथे तुम्ही दोन पावलं मागे सरलात. ‘खरं-खोटं आम्हाला माहीत नाही, कदाचित खोटंच’ असा सूर लागतो. त्याला आधार असेल, म्हणजे दुसरी बाजू बातमीत असेल, तर ठीक. नाहीतर हाही पक्षपातच.

‘…असे अधिकाऱ्यांनी ठासून सांगितले.’ खरेपणाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, पण त्यांच्या आवाजाबद्दल बोललात. ते खरंच पुन्हा पुन्हा, शंका घेणाऱ्याला उत्तर देत, जोरानं बोलले का? बोलले असतील तर हाच शब्द योग्य. एका ओळीच्या प्रसिद्धिपत्रकातलं वाक्य कोणी ‘ठासून’ सांगत नसतं.

‘…अशी ग्वाही अधिकाऱ्यांनी दिली.’ ग्वाही म्हणजे मुळात साक्ष, पण आता ती पुढच्या काळाबद्दल देतात: ‘उन्हाळ्यात पाणीकपात होणार नाही, अशी ग्वाही.’ घडून गेलेल्याची ग्वाही आजच्या वाचकाला खटकते.

‘कबूल केले’ हे फार जपून. कबुली दोषाची असते. ‘आपण बैठकीला हजर होतो, असे त्यांनी कबूल केले’ असं लिहिलं की बैठकीला जाणं हा गुन्हा होऊन बसतो. तिथेही ‘सांगितले’च हवं.

राहता राहिलं ‘प्रतिपादन केले’. प्रतिपादनात कारणं, दाखले, मांडणी लागते. मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथे तासभर एखादा विषय उलगडणारा वक्ता प्रतिपादन करतो. फीत कापून ‘तरुणांनी व्यायाम करावा’ म्हणणारे प्रमुख पाहुणे प्रतिपादन करत नाहीत, पण गेली कित्येक वर्षं बातम्यांत तेच करत आलेत.

७. ‘पुरेसे पाणी आहे, असे सांगितले’ आणि ‘पुरेसे पाणी असल्याचे सांगितले’ यात फरक आहे का?

व्याकरणात दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात म्हणणं त्याच्या मूळ रूपात उभं राहतं आणि ‘असे’ शब्दाशी बोलणारा वेगळा दिसतो. दुसऱ्यात ते नाम होऊन वाक्यात मुरतं. वाक्य लांब असेल आणि ‘सांगितले’ वीस शब्दांनंतर येणार असेल, तर वाचक तोपर्यंत ‘पाणी असल्याचे’ हे धरून चालतो. वादाच्या विषयात मी पहिली रचना पसंत करते. ‘ठासून’ घालायचं असेल तर पहिलीच बरी, कारण ठासलेलं म्हणणं जसंच्या तसं समोर हवं.

याच रचनेची एक वाईट सवय म्हणजे ‘असल्याचे ठासून सांगण्यात आले’. कोणी सांगितलं? ‘सांगण्यात आले’ हे बोलणाऱ्याला लपवण्यासाठी असतं. छाती पुढे काढायची आणि तोंड झाकायचं, हे एकाच वाक्यात जमत नाही. नाव द्या किंवा ‘ठासून’ काढा.

८. ‘मी निर्दोष आहे, असे त्यांनी ठासून सांगितले.’ यात ‘मी’ कोण, असं वाचकानं विचारलं. काय करू?

मराठीत दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडच्या सर्वनामासह ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे वाक्य चूक नाही. बोलीत कोणी गोंधळतही नाही. छापील मजकुरात तीन वाटा आहेत.

अवतरणचिन्ह घाला: ‘“मी निर्दोष आहे,” असे त्यांनी ठासून सांगितले.’ पण मग आतले शब्द तंतोतंत त्यांचेच हवेत.

‘आपण’ वापरा: ‘आपण निर्दोष आहोत, असे त्यांनी ठासून सांगितले.’ वृत्तपत्री मराठीत हे फार सोयीचं ठरलंय. अडचण येते ती संघाच्या, पक्षाच्या, गावाच्या संदर्भात. ‘आपण जिंकणार, असे कर्णधाराने ठासून सांगितले’ यात कर्णधार एकटा, का सगळा संघ, का वाचणारे आपण सगळे?

तिसरी वाट ‘तो’ किंवा ‘ते’. ही टाळा. ‘ते निर्दोष आहेत, असे त्यांनी ठासून सांगितले’ यात कोणी दुसऱ्याचीच वकिली करतंय असं वाटतं. खरोखर दुसऱ्याचीच करत असेल, तर मात्र हेच योग्य.

९. ‘त्याने ठासून म्हणाला’ यात चूक काय?

‘ने’. ‘म्हणाला’ कर्त्याप्रमाणे चालतं: तो म्हणाला, ती म्हणाली, ते म्हणाले. ‘सांगितले’ला आणि ‘म्हटले’ला ‘ने’ लागतो: त्याने सांगितले, तिने म्हटले. ‘बोलणे’ पुन्हा ‘म्हणाला’च्या वाटेनं जातं: तो ठासून बोलला.

‘ठासून सांगणे’ला कर्म असेल तर रूप कर्माप्रमाणे होतं. मुद्दा ठासून सांगितला, गोष्ट ठासून सांगितली, तत्त्व ठासून सांगितलं. कर्माच्या जागी पूर्ण वाक्य असेल तर नपुंसकलिंगी ‘सांगितलं’.

१०. नकार कुठे घालायचा?

जागा बदलली की अर्थ उलटा होतो. ‘मी तिथे नव्हतो, असं त्यानं ठासून सांगितलं’ म्हणजे तो नाही म्हणण्यावर अडून बसला. ‘मी तिथे होतो, असं त्यानं ठासून सांगितलं नाही’ म्हणजे सांगितलं असेलही, पण गुळमुळीत. दुसऱ्या वाक्याचे दोन अर्थ निघतात (सांगितलंच नाही, किंवा ठासून नाही), म्हणून पोलीस ठाण्याच्या बातमीत ते लिहूच नये. सरळ ‘तो त्याबद्दल ठाम नव्हता’ लिहा.

११. ‘ठासून’ न वापरता नुसता ‘च’ लावला तर भागतं का?

भागतं, आणि बोलताना आपण तेच करतो. पण ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो, जोर तिथेच पडतो. तीन वाक्यं बघा:

नाशिकचीच द्राक्षं गोड.
नाशिकची द्राक्षंच गोड.
नाशिकची द्राक्षं गोडच.

पहिल्यात सांगली-सोलापूरकरांशी भांडण. दुसऱ्यात नाशिकच्याच बाकी जिनसांवर अन्याय: कांदा, डाळिंब, मिसळ सगळं बाद. ठासून सांगणं तिसऱ्यातच आहे, तिथे गोडव्याबद्दलची शंका मोडून काढली. म्हणून ठासायचं असेल तर ‘च’ विधानाच्या शेवटाकडे न्या: ‘तो येणारच’, ‘हे खरंच आहे’, ‘मी सांगितलंच होतं’.

अपवाद बोलीतले आहेत आणि ते परभाषकांना हमखास पाडतात. ‘आलोच!’ म्हणजे मी नक्की आलो असं नाही, आत्ता लगेच येतो. ‘गेलाच शेवटी’ यात खात्रीपेक्षा होऊ नये ते झाल्याची चुटपुट आहे. ‘जातोच कसा ते बघतो’ ही तर धमकी.

एका वाक्यात दोन ‘च’ आले की जोर दुप्पट होत नाही. ‘नाशिकचीच द्राक्षं गोडच’ हे भांडणात ठीक, कागदावर नको.

१२. कोर्टाच्या कागदात ‘ठासून सांगतो’ चालेल का?

चालणार नाही, लागणारही नाही. तिथला शब्द ‘कथन’. नाशिकच्या जुन्या सीबीएससमोर (मध्यवर्ती बसस्थानकासमोर) जिल्हा न्यायालयाच्या परिसरात प्रतिज्ञापत्र टंकून घ्या, सुरुवात अशीच होईल: ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की…’ आवाज सपाट आहे, जोर शपथेचा आहे. खोटं निघालं तर गुन्हा होतो, त्यामुळे वेगळ्यानं ठासायची गरज नाही.

दाव्याच्या उत्तरात मात्र ठासण्याचा मक्ता नकारानं घेतला आहे: ‘सदर कथन खोटे, लबाडीचे व खोडसाळपणाचे असून ते या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ परिच्छेदामागून परिच्छेद हेच वाक्य वाचून हसू येतं, पण त्यामागे कारण आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८च्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे वादीचं जे कथन नेमकेपणानं नाकारलं नाही, ते मान्य केलं असं धरलं जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक कथन वेगळं नाकारायचं. त्यासाठी तीन-तीन विशेषणं लागतात असं संहिता म्हणत नाही, ती आपल्याकडची सवय.

आणि ‘दावा’ जपून. बातमीतला ‘दावा केला’ (प्रश्न ६) म्हणजे नुसतं म्हणणं. कोर्टातला ‘दावा’ म्हणजे खटला, तो दाखल करतात, बोलीत ठोकतात. ‘शेजाऱ्याने जागेचा दावा केला’ यातून तो बोलला की कोर्टात गेला, हे कळत नाही. कोर्टात गेला असेल तर ‘दाखल’ हा शब्द हवाच.

१३. घोषणेलाही ‘ठासून सांगितले’ म्हणता येईल का?

परीक्षेच्या उत्तरांत हे फार दिसतं: ‘येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतर करणार असे ठासून सांगितले.’ वाक्य चूक नाही, पण कमी पडतं. १३ ऑक्टोबर १९३५ला आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकर जे बोलले ते नुसतं विधान नव्हतं. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हे बोलण्यानंच ते बांधले गेले. विधान खरं किंवा खोटं ठरतं. घोषणा पाळली जाते किंवा मोडली जाते. ही २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात पाळली गेली. अशा बोलण्याला ‘घोषणा केली’ किंवा ‘जाहीर केले’ हवं. ‘निर्धार व्यक्त केला’ हे त्याहून सौम्य आणि इथे अपुरं.

१४. ‘रेटून बोलणे’ म्हणजे ठासून बोलणेच ना?

आवाज तोच, नियत वेगळी. ‘खोटं बोल पण रेटून बोल’ या म्हणीनं ‘रेटून’ची बदनामी कायमची करून ठेवली आहे. त्यामुळे ज्याच्याबद्दल लिहिताय त्याला खोटारडा म्हणायचं नसेल तर ‘रेटून’ टाळा. ‘दडपून सांगणे’ म्हणजे भीड न बाळगता खोटं किंवा अर्धखरं सांगणे. ‘ठोकून देणे’ला तर विचारच नाही, मनाला येईल तो आकडा, येईल ती तारीख. वर्गात उत्तर येत नसताना पोरं करतात ते.

‘ठासून’ या शेजाऱ्यांपासून अजून तरी सुरक्षित आहे. ते प्रामाणिक माणसाबद्दल वापरता येतं आणि चुकीच्या माणसाबद्दलही (प्रश्न १). पण बोलणारा जाणूनबुजून खोटं बोलतोय हे तुम्हाला माहीत असेल, तर ‘ठासून’ लिहून त्याला मोठं करू नका.

१५. बोलताना लोक ‘ठासून’ म्हणतच नाहीत. मग काय म्हणतात?

स्वतःबद्दल तर नाहीच म्हणत. ‘मी ठासून सांगतो’ व्यासपीठावर ऐकू येईल, घरात नाही. घरात, पारावर, मार्केट यार्डात खात्रीसाठी दुसरीच चलनं आहेत. ‘लिहून देतो’ हे सगळ्यात चलतीतलं: ‘या आठवड्यात कांदा खाली येतो, लिहून देतो!’ लासलगावच्या लिलावात असं बोलणाऱ्यानं आजवर कागद काढलेला नाही, आणि कोणी मागतही नाही. तापले तर ‘स्टॅम्प पेपरवर लिहून देतो’. त्याखेरीज ‘पैज लावा’, ‘शंभर टक्के’, ‘आईशप्पथ’. ‘काळ्या दगडावरची रेघ’ जुन्या माणसांच्या तोंडी टिकून आहे आणि लेखनातही शोभते.

कथा-संवाद लिहिणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. पात्राच्या तोंडी ‘लिहून देतो’, आणि निवेदकाच्या तोंडी फार तर एकदा ‘ठासून म्हणाला’. संवादच ठासून असेल तर तेही नको.

१६. मला पूर्ण खात्री नाही, पण अगदी गुळमुळीतही लिहायचं नाही. मराठीत काही सोय आहे?

भरपूर आहे, आपण ती वापरत नाही. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची मापं नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. तेच उदाहरण घेऊ.

‘पाणी छातीला लागलंय.’ मी काठावरून पाहून आलोय.
‘पाणी छातीला लागलं म्हणे.’ कोणीतरी सांगितलं, जबाबदारी माझी नाही.
‘पाणी छातीला लागलं असणार.’ पाहिलं नाही, पण गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय हे ठाऊक आहे, त्यावरून काढलेला हिशेब.
‘पाणी छातीला लागलं असावं.’ हिशेबच, पण हात राखून.
‘पाणी छातीला लागलं असेल.’ असेल, नसेल.

पाचांतल्या पहिल्यालाच ‘ठासून सांगितलं’ म्हणता येतं. ‘असणार’ म्हणणारा आवाज चढवून बोलला, तर त्यालाही म्हणता येईल, पण त्यानं अनुमान सांगितलं हे बातमीत राहिलं पाहिजे. घोटाळा नेमका इथे होतो. माणूस म्हणतो ‘लागलं असावं’, वार्ताहर लिहितो ‘लागले आहे, असे नागरिकांनी ठासून सांगितले’, आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर मारुती बुडालेला असतो.

१७. ‘ठासून विचारले’ चालेल का?

नाही. प्रश्नात ठासायला विधानच नसतं. ‘खोदून विचारले’, ‘रोखठोक विचारले’, राग असेल तर ‘ठणकावून विचारले’.

१८. सोसायटीच्या नोटिशीत ‘सभासदांना ठासून सांगण्यात येते की पार्किंगमध्ये गाडी आडवी लावू नये’ असं लिहिलंय. बरोबर आहे?

दोन चुका आहेत. पार्किंगमध्ये गाडी आडवी लावू नये ही मनाई आहे, विधान नाही (प्रश्न ४), आणि ‘सांगण्यात येते’मध्ये सांगणारा गायब आहे (प्रश्न ७). ‘सभासदांनी गाड्या आडव्या लावू नयेत’ एवढं लिहून खाली सेक्रेटरींची सही पुरे. लोक ऐकत नसतील तर तो प्रश्न क्रियापदाचा नाही.

१९. कॉलेजची मुलं ‘माझी ठासली’ म्हणतात. ते याच शब्दाचं रूप का?

धातू तोच दिसतो, अर्थ नाही. पंचाईत झाली, फजिती झाली, बोलणी बसली, असं त्यांना म्हणायचं असतं. शब्दाला अश्लील छटा आहे, मित्रांत बोललेला बरा. एका निबंधात ‘परीक्षकांनी माझी ठासून घेतली’ आलं होतं, तिथे ‘परीक्षकांनी मला धारेवर धरले’ केलं.

२०. ‘छातीठोकपणे सांगणे’ याचा अर्थ परीक्षेत काय लिहू?

‘खात्रीपूर्वक सांगणे’. वाक्यात उपयोग करताना नुसतं ‘रामने छातीठोकपणे सांगितले’ लिहून सोडू नका, काय सांगितलं तेही लिहा. त्याशिवाय अर्थ समजल्याचं दिसत नाही.